केरबा कदमाची गाडी

"नाना, परत एकदा सांगा. पण आधी सांगितलंय हे विसरून सांगा," मकरंद म्हणाला.

नाना शेलारांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. समोरचा माणूस त्यांना पांढऱ्या धुरासारखा दिसत असावा.

"म्हंजे कसं?"

"म्हणजे पहिल्यांदाच सांगताय असं."

"चाळीस वर्षं सांगतोय मी. पहिल्यांदा कसं सांगू?"

मकरंद सोहनी हा आमच्या माहितीपटाचा दिग्दर्शक. त्याला सगळं ताजं लागे, दुःखसुद्धा. मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा, आणि श्रेयनामावलीत माझं नाव 'संशोधन' या शब्दाखाली येणार होतं. संशोधन म्हणजे मकरंदच्या मनात आधीच ठरलेल्या गोष्टीला पुरावे आणून देणं, एवढं मला तोवर कळलं होतं.

विषय होता धरणाखाली बुडालेलं वेळजाई हे गाव. डोंगरातलं गाव उठवून सरकारनं त्याला दूर पूर्वेला माळावर आणून बसवलं होतं. नदी गेली, भात गेलं. देवी वेळाई मात्र बरोबर आली, कारण ती गाडीत मावत होती. नव्या जागेलाही लोक वेळजाईच म्हणत. सरकारदरबारी तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता.

नानांनी घसा खाकरला आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगितलं. चांगलं सांगितलं. तरुणपणी ते गावाचे पुढारी होते. सगळं गाव देवळात जमवून त्यांनी शपथ घ्यायला लावली होती : जमीन हातात पडेपर्यंत कुणी गाडी भरायची नाही, घराचं कौल काढायचं नाही, धरणवाल्यांनी डोंगरात फोडलेल्या नव्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. पाऊल उचलायचं तर सगळ्यांनी एकदम.

"आणि मग?" मकरंदनं विचारलं, जसं काही त्याला ठाऊक नव्हतं.

"मग केरबा कदमानं गाडी भरली," नाना म्हणाले. "दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत. त्याच नव्या रस्त्यानं वर गेला. सांजच्याला आला परत, वर सायबाकडनं जागा ठरवून. पण गाव फुटायचं ते फुटलं. दुसऱ्या दिवशी जो तो कौलं उतरवायला लागला. एक आठवडा कळ काढली असती तर सगळ्यांना कालव्याकाठची जमीन मिळत होती."

"तुम्ही होता त्या दिवशी गावात?"

"मी मुंबईत. मंत्र्याच्या दारात बसलो होतो. आलो तर गाव रिकामं."

मकरंद खूश झाला. "कट. नाना, फार सुंदर."

"हो," नाना म्हणाले. "तसं सगळे म्हणतात."

कडुनिंबाखाली जमलेल्या माणसांत एकजण शेवटपर्यंत उभाच होता. पन्नाशीपुढचा, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. आम्ही सामान आवरायला लागल्यावर तो माझ्याकडे आला.

"सर, मी हिंदुराव केरबा कदम."

अशा वेळी प्राध्यापक माणूस जे म्हणतो तेच म्हणालो. "अच्छा."

"जरा घरापत्तुर येता?"

त्याचं घर वस्तीच्या टोकाला, निव्वळ मुरमात होतं. पहिली गाडी भरणाऱ्या माणसाला सगळ्यांत वाईट जमीन कशी मिळाली, याचं उत्तर गावाकडे तयार होतं : देवीनं बघितलं. चहा आला. हिंदुरावानं बशी माझ्यापुढे सरकवली.

"आमच्याकडं दिवटीचा मान होता," तो म्हणाला. "जत्रंला देवीची पालखी निघती, तवा म्होरं दिवटी लागती. ती कदमाच्या हातात. आज्याच्या, त्याच्या आज्याच्या. हितं आल्यावर काढून घेतली. कुणी काय बोललं न्हाई. पहिल्या जत्रंला बाप अंघोळ करून, तेल घेऊन गेला, तर दिवटी दुसऱ्याच्या हातात. तसाच परत आला."

"आणि त्यांचं म्हणणं काय होतं? गाडीचं?"

"म्हणायचा, फोटू काढायला भरली."

"फोटो?"

"सिनेमावाले आलते सरकारचे. त्येंना म्हणं, हसत-खेळत जाणारी माणसं पायजे होती. बाप जत्रंत सोंगं घ्यायचा, त्येला हौस. ते म्हणाले, गाडी भर, वरच्या वळणापत्तुर जा, आन् माघारी फीर. गेला. ते म्हणाले, बैल नीट चालले न्हाईत, परत. पुन्हा गेला. असं तीनदा."

"मग त्यांनी हे गावाला सांगितलं नाही?"

हिंदुराव हसला, पण ते हसणं जुनं होतं. "सांगितलं की. मरस्तोवर सांगितलं. मी तीनदा गेलो आणि तीनदा आलो. पर सर, तवाच्या माणसाला फोटू म्हंजे काय? स्टुडिओत जायचं, खुर्चीवर बसायचं, हलायचं न्हाई. हलला तर बिघडतो. फोटू काढाय गाडी भरून डोंगर कुठला चढावा लागतो? पारावरची माणसं हसायची बापाला. लहान पोरंबी म्हणायची, केरबातात्या, फोटू आला का?"

त्यानं माझी बशी उचलली. मी चहा प्यायलो नव्हतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"तुमी जुनी पिच्चर हुडकताय म्हणं पुण्यात. असली तर बगा. माझी लेकरं तरी दिवटी धरतील."

पुण्यात सरकारी खात्याचा एक जुना चित्रसंग्रह होता. धरणं, कालवे, मंत्र्यांचे हात आणि फिती. तो सांभाळणाऱ्या गुर्जरबाई दाराशीच नाकाला रुमाल देत. फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा वास येतो. त्या खोलीत शिरलं की लोणच्याच्या कारखान्यात इतिहास ठेवलाय असं वाटे.

वेळजाईवरचा तयार सरकारी लघुपट आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला. त्यात केरबा होता. फेटा बांधलेला, बैलगाडीवर, तोंडभर हसणारा. गाडी गावातून निघते, आणि निवेदक खणखणीत आवाजात म्हणतो की नव्या जीवनाकडे ही माणसं आनंदाने निघाली आहेत. एवढंच. गाडी जाते. येत नाही.

"हाच शॉट," मकरंद म्हणाला. "काय फ्रेम आहे सर. आपण निवेदन काढून टाकू आणि खाली सारंगी."

मी गुर्जरबाईंना विचारलं, "याचे न वापरलेले तुकडे असतील?"

"असतीलच. न वापरलेलं सगळं असतं आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "फेकायला वरून मंजुरी लागते. ठेवायला कुणाची लागत नाही."

आपल्याकडचा बराचसा इतिहास याच रीतीने वाचला आहे, असं मला वाटतं.

डबे निघाले. फिल्म इतकी ठिसूळ झाली होती की प्रोजेक्टरवर चढवणं शक्य नव्हतं. तिची व्हिडिओ प्रत होईपर्यंत पावसाळा गेला. मग एका दुपारी गुर्जरबाईंच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर आम्ही ती पाहिली. आवाज नव्हताच.

शॉटचा क्रमांक लिहिलेली पाटी आली, आकडा एक. गल्ली, दोन्ही बाजूला माणसं, केरबा गाडी घेऊन निघतो. हा तोच शॉट. पाटी, दोन. पुन्हा केरबा निघतो. एक बैल अडतो, केरबा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतो. पाटी, तीन. आता कॅमेरा वरच्या वळणावर नेलेला, नव्या रस्त्यावर. खाली सगळं गाव. केरबाची गाडी चढ चढून समोर येते, वळणावर फिरते, आणि माघारी जायला लागते. कॅमेरा बंद करायचं राहून गेलं असावं, किंवा कॅमेरामनला ते गाव आवडलं असावं. गाडी उतरत जाते, लहान होत जाते, एका घरासमोर थांबते. केरबा उतरतो, आणि गाडीतलं सामान उचलून घरात न्यायला लागतो.

"आला," मी म्हणालो.

"कोण आला?" मकरंदनं विचारलं. तो गावाच्या कौलांकडे बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपण हे गावाला दाखवू. आणि बघणाऱ्यांचे चेहरे घेऊ."

चेहरे हा मकरंदचा आवडता प्रांत होता.

शाळेच्या मोठ्या खोलीत, खिडक्यांना ताडपत्री लावून, भर दुपारी आम्ही अंधार केला. भिंतीवर चादर. गाव सगळं आलं. नानांना त्यांच्या नातवानं धरून आणलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं. हा नातू सरपंच होता. हिंदुराव भिंतीला टेकून उभा. त्यानं अंघोळ केली होती. त्याची दोन्ही मुलं, कामावरून रजा घेऊन आलेली, त्याच्या शेजारी.

मी चार शब्द बोललो. ते कुणी ऐकले नाहीत, ते बरंच झालं. चित्र सुरू झालं.

पहिल्या पाटीला केरबा निघाला, पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. गाडीच्या मागं गल्ली होती, दारं होती, दारात उभी माणसं होती.

"ती बग, ती बग आक्का. जात्यावर."

"जात्यावर न्हाई, ती पाटावर बसलीय."

"आरं आमचा मोत्या. शेपटी बग."

"हा कोण, हा पोरगा? म्हाद्या का काय?"

"मी हाय त्यो," मागून एक पिकल्या केसांचा माणूस म्हणाला. खोलीत हशा पिकला. मग एक बाई रडायला लागली, तिच्याबरोबर आणखी एक.

दुसऱ्या पाटीला केरबा पुन्हा निघाला. लोक पुन्हा आपापल्या दाराकडे बघत राहिले. हिंदुराव मला म्हणाला, हळूच, "सर, कुणी गाडी बघंनात."

"बघतील," मी म्हणालो. मला तशी खात्री मुळीच नव्हती.

तिसरी पाटी. वळणावरून खालचं सगळं गाव. शपथ होती तोवर त्या नव्या रस्त्यावर त्यांच्यापैकी कुणी चढलं नव्हतं, आणि चढले तेव्हा खाली गावावर कौल उरलं नव्हतं. आपलं नांदतं गाव वरून कसं दिसतं, हे ते आज पहिल्यांदा बघत होते.

"देऊळ," कुणीतरी म्हणालं.

"खाली आमचं. चिंचंपाशी."

गाडी चढून समोर आली, फिरली, उतरायला लागली. आता मात्र बघण्यासारखं दुसरं काही हलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे गाडीच्या मागे उतरत गेले. केरबा दारात थांबला. सामान आत न्यायला लागला. एक ट्रंक, एक वळकटी.

"वळणावरनंच माघारी आला की," एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात काही आरोप नव्हता. ती नुसतं सांगत होती.

हिंदुरावाच्या धाकट्या मुलानं बापाचा हात धरला. मला वाटलं, झालं. चाळीस वर्षांचं काम झालं. इतिहासाचा एवढा थेट उपयोग माझ्या नोकरीत त्याआधी कधी झालेला नव्हता.

आणि मग लोकांची नजर गाडीवरून सरकली. केरबाच्या घराच्या वरच्या अंगाला, देवळाच्याही वर, एक मोठं घर होतं. गल्लीतून पाहिलं तर त्याच्या छपराची पुढची पाख दिसायची, कौलांनी भरलेली. पहिल्या दोन पाट्यांत ती दिसलीही होती. पण वळणावरून मागची पाख दिसत होती. तिच्यावर एक कौल नव्हतं. वासे नव्हते. आत ऊन पडलं होतं, आणि घर आतून ओकंबोकं होतं. उभी होती ती फक्त गावाला दिसणारी बाजू.

घर कुणाचं, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. उठवलेल्या गावातला माणूस जाताना घराचं लाकूड बरोबर नेतो. सागवानाचे वासे निघाले म्हणजे घर निघालं. केरबा फेटा बांधून सोंग करत होता, तेव्हा हे घर निघून गेलं होतं.

नातवानं नानांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

शांततेचा अर्थ आंधळ्या माणसाला लवकर कळतो, असं म्हणतात. नानांना त्या दिवशी कळला नाही. त्यांनी मान वर केली.

"माझं घर आलं का रं?"

त्यांनी खांद्यावर नातवाचा हात चाचपला.

"देवळाच्या वरच्या अंगाला बगा. मोठं हाय. आलं का?"

नातू खाली बघत होता. म्हातारे खाली बघत होते. मला वाटलं, मीच काहीतरी म्हणावं.

"आलं, नाना," हिंदुराव म्हणाला.

"कोण, केरबाचा?"

"हां."

"कसं दिसतंय?"

"झ्याक दिसतंय. कौलं नव्यानं घातल्यावानी. दारात काकी उभ्या हायत."

"काकी?" बायकोच्या आठवणीनं नानांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ती कशी असंल? तिला तर मी आदल्या रातीच हिकडं आणून—"

ते थांबले.

चादरीवर केरबा ट्रंक घेऊन आत गेला आणि बाहेर आला. फिल्म तिथं संपली. पांढरा चौकोन उरला. त्या उजेडात सगळे सगळ्यांना स्पष्ट दिसत होते, एक नाना सोडले तर.

"कुणीतरी ताडपत्री काढा," सरपंच म्हणाला. "घुसमटतंय."

ताडपत्री निघाली. ऊन आत आलं. लोक एकेक करून उठले आणि चपला शोधायला लागले. कुणी हिंदुरावाशी बोललं नाही. नानांशीही नाही. त्या दोघांना एकसारखी वागणूक मिळाल्याची गावाच्या इतिहासातली ती पहिली वेळ असावी.

मकरंदनं सगळं टिपलं होतं. गाडीत सामान ठेवता ठेवता तो म्हणाला, "सर, हा शेवट आहे. मी दहा वर्षं असल्या शेवटाची वाट बघतोय."

हिंदुराव आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मुलं मागं होती. मी त्याला विचारलं, "खोटं का बोललात?"

"त्येंना दिसत न्हाई, सर. बाकीच्यांना दिसलं की."

"आणि काकींचं?"

तो थोडं चालला. "कायतरी बोलावं लागतंय. काकी आम्हाला ताक द्यायच्या. त्याच तोंडात आल्या."

हे खरं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. सोंगं घेणाऱ्या माणसाचा तो मुलगा होता.

"मग आता तर सिद्ध झालं," मी म्हणालो. "माहितीपटात आलं की जिल्हाभर होईल."

"त्येच सांगायचं होतं. आजचं काय दाखवू नका. नानांचं बोलणं न्हाई, आन् त्ये घरबी न्हाई."

"ठीक. नुसती गाडी परत येताना दाखवू."

"ती येतीया तिथंच तर त्ये घर दिसतंय, सर."

मकरंद गाडीला टेकून ऐकत होता. तो पुढे झाला. "अहो, तुमच्या वडलांची बाजू आहे ही. त्यांचं नाव साफ होतंय."

"हुतंय," हिंदुराव म्हणाला. "तुमी जाणार पुण्याला. सातबाऱ्यावर अजून आमची कुणाचीच नावं लागली न्हाईत. कोर्टात दावा चाललाय, समद्या गावाचा मिळून एक, नानांच्या नावानं. उद्या सरकार म्हणंल, दावा करणाराच खोटा. मग?"

"पण दिवटी?"

"दिवटी द्यायची तर देतील. आता बघितलंय त्येंनी."

धाकटा मुलगा मागून म्हणाला, "आप्पा, कशाला नको म्हणताय? आजोबा सोसत मेलं, आपण चाळीस वर्षं सोसतोय."

"चाळीस सोसलं ना? मग गप."

नंतर मकरंदनं वाहिनीवाल्यांशी बोलणी केली, वकिलाशी बोलणी केली, आणि शेवटी वैतागून तो दुपारच्या खेळाचा भाग कापून टाकला. माहितीपट झाला. नाना त्यात फार सुंदर बोलतात. केरबाची गाडी पहिल्या पाटीतली आहे, गल्लीतून जाणारी, खाली सारंगी. निवेदन मी लिहिलं होतं. त्या गाडीवर एकही शब्द नको, असं मी म्हणालो. मकरंदला ती कलात्मक सूचना वाटली आणि त्यानं ती मान्य केली. एका महोत्सवात त्या शांततेचं कौतुकही झालं.

वळणावरचा तुकडा संग्रहात आहे. गुर्जरबाई निवृत्त झाल्या. पण तो फेकायला अजूनही मंजुरी लागते, तेव्हा असेलच.

त्या वर्षी जत्रा झाल्यावर मी हिंदुरावाला फोन केला. गावात एकाच्या दुकानात फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत मी धरून बसलो. पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"झाली का जत्रा?"

"झाली. पाऊसपाणी बरं हाय. तुमची तब्येत?"

"बरी. नाना?"

"हायत. बाहीर येत न्हाईत आता."

"आणि दिवटी?"

"हुती तिथंच."

माझ्या उत्तराची वाट न बघता तो पुढे म्हणाला,

"पर सर, पालखी आमच्या दारात थांबली या टायमाला. इतकी वर्षं तशीच जायची. या टायमाला थांबली जरा. भोई उभं राहिलं. मी बी दारात उभा हुतो, पोरं बी. समदी आमच्याकडं बघत हुती."

"मग?"

"मग पुढं गेली."